अभयारण्य मालवणात, वाट मात्र बेवारस

कोणत्याही एका देशाच्या मालकीच्या नसलेल्या खुल्या समुद्रातील जैवविविधतेच्या रक्षणासाठीचा आंतरराष्ट्रीय करार १७ जानेवारी २०२६ रोजी अमलात आला. संयुक्त राष्ट्रांनी जून २०२३ मध्ये तो स्वीकारला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये साठाव्या देशाने मंजुरी दिली आणि त्यानंतर १२० दिवसांनी तो लागू झाला. भारताने त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये स्वाक्षरी केली आहे. या कराराविषयी जे काही बोलले जाते, ते बहुतांशी टक्केवारीच्या भाषेत. २०३० पर्यंत जगातील ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणायचा, हे २०२२ च्या डिसेंबरात माँट्रियल येथील जैवविविधता परिषदेत ठरले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार हे प्रमाण ८.४ टक्के होते. उरलेली मजल कशी मारणार, कोणता देश किती चौरस किलोमीटर जाहीर करणार, याचीच गणिते सर्वत्र मांडली जात आहेत.

मात्र माँट्रियलच्या त्याच कलमात आणि खुल्या समुद्राच्या या करारातही एक अट आहे, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. संरक्षित क्षेत्रे केवळ मोठी असून चालणार नाही. ती परस्परांशी जोडलेली असावयास हवीत, असे दोन्ही ठिकाणी स्पष्ट म्हटले आहे. २०१० च्या नागोया परिषदेतील उद्दिष्टांतही हे शब्द होतेच. म्हणजे सोळा वर्षे ही अट कागदावर आहे. तिचा अर्थ काय आणि ती पाळली नाही तर काय होते, हे समजून घेण्यासाठी खुल्या समुद्रापर्यंत जाण्याचे कारण नाही. मालवणच्या जेटीवर उभे राहिले तरी पुरे.

जमिनीवरील प्राण्यांबाबत ही गोष्ट आपल्याला आता पटली आहे. ताडोबाचा वाघ ताडोबातच राहत नाही, तो दुसऱ्या जंगलाकडे निघतो आणि त्याची वाट तुटली तर ताडोबाचे संरक्षण अपुरे ठरते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून नेताना वन्यप्राण्यांसाठी पुलांखालून वाटा ठेवल्या गेल्या, त्या न्यायालयीन लढाईनंतर का होईना, पण ठेवल्या गेल्या. त्या वाटांवरून वाघ गेल्याची छायाचित्रे आपण कौतुकाने पाहिली. माशालाही अशी वाट लागते, हे मात्र आपल्या गावी नाही. समुद्र म्हणजे सगळीकडे पाणीच पाणी, त्यात तुटण्यासारखे काय आहे, असा एक सार्वत्रिक समज आहे.

या समजाचा फोलपणा दाखविण्यास एकटी तांबोशी पुरेशी आहे. मालवणी ताटात मानाचे स्थान असलेला हा तांबूस मासा. त्याचे मोठे मासे किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यातील खडकाळ भागात राहतात आणि तेथेच अंडी घालतात. अंड्यांतून बाहेर पडणारे डिंभ, म्हणजे पोहण्याचीही धड ताकद नसलेली सूक्ष्म पिल्ले, प्रवाहाबरोबर वाहत राहतात. त्यांतील जी किनाऱ्याला लागतात ती खाडीत शिरतात. कांदळवनाच्या मुळांच्या जाळीत, गढूळ आणि निमखाऱ्या पाण्यात त्यांचे बालपण जाते. तेथे मोठ्या शिकारी माशांपासून आडोसा असतो आणि खाद्यही भरपूर. काही वर्षांनी हे मासे खाडी सोडतात, किनाऱ्यालगतच्या खडकांपाशी येतात आणि अखेरीस पुन्हा खोल समुद्राची वाट धरतात. एका माशाच्या एका आयुष्यात तीन घरे आली. यांतील कोणतेही एक घर मोडले की उरलेली दोन ओस पडतात. पांढऱ्या कोळंबीची कथा याहून फार वेगळी नाही. तीही समुद्रात जन्मते, खाडीत वाढते आणि पुन्हा समुद्रात जाते.

आता मालवणच्या सागरी अभयारण्याचा नकाशा पाहावा. १९८७ मध्ये राज्य सरकारने ते जाहीर केले. क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या एक तृतीयांशही नाही. यांपैकी गाभा क्षेत्र अवघे ३.१८ चौरस किलोमीटरचे. त्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूचे पाण्याखालचे व पाण्यावरचे खडक येतात. बाकीचे परिघ क्षेत्र. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे, म्हणून हा भाग निवडला गेला आणि त्या निवडीत चूक काहीच नव्हती. चूक आहे ती रेषा कोठे थांबली यात. उत्तरेची कोळंब खाडी, त्यापलीकडे गड नदीची कालावल खाडी आणि दक्षिणेला देवबागपाशी समुद्राला मिळणारी कर्ली नदी, ही मालवणच्या समुद्राची तीन बालसंगोपनगृहे. तिन्ही खाड्या अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. केंद्र सरकारने महत्त्वाच्या कांदळवनांची जी यादी केली, तिच्यात मालवणचे नाव आहे. अर्थात, ते वेगळ्या खात्याच्या वेगळ्या यादीत. प्रवाळाची आणि कांदळवनाची गाठ सरकारी कागदावर कधी पडली नाही.

ही केवळ तत्त्वाची गोष्ट नव्हे, तिचे मोजमाप झालेले आहे. कॅरिबियन समुद्रात पीटर मम्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला आणि २००४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयातील मैलाचा दगड मानला जातो. ज्या प्रवाळ खडकांजवळ कांदळवन शाबूत होते, तेथे बाजारात मोल असलेल्या कित्येक जातींच्या माशांचे एकूण वजन, कांदळवन नसलेल्या खडकांच्या तुलनेत, दुपटीहून अधिक भरले. प्रवाळ दोन्हीकडे सारखाच. फरक शेजारचा. पोपटमाशाची एक मोठी जात तर कांदळवन तोडल्यावर त्या भागातून नाहीशीच झाली. प्रवाळाला कोणी हात लावला नव्हता.

दुसरा प्रश्न डिंभांचा. ते वाहत वाहत नेमके जातात कोठे? हे कळले नाही तर एका संरक्षित क्षेत्रापासून दुसरे किती अंतरावर असावे हे ठरविणे अशक्य. तांदळाच्या दाण्याहून लहान जिवाचा माग समुद्रात काढायचा कसा? पापुआ न्यू गिनीतील किंबे उपसागरात संशोधकांनी यासाठी मोठी कल्पक युक्ती योजली. माशाच्या कानात चुन्यासारख्या द्रव्याचा बारीक खडा असतो. बेरियम या मूलद्रव्याचा एक विशिष्ट प्रकार त्यांनी मादी माशांना टोचला. तो अंड्यांत उतरला आणि पिल्लांच्या कानातील खड्यावर जन्मखूण म्हणून उमटला. पुढे त्या बेटापाशी वस्तीला आलेली पिल्ले पकडून पाहिली, तेव्हा सुमारे ६० टक्के पिल्ले तेथीलच निघाली. यांतील एका जातीची पिल्ले तब्बल पाच आठवडे समुद्रात भटकलेली होती, तरी घरी परतली होती. ही संख्या २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जाणकारांनाही धक्का बसला. कारण तोवर डिंभ म्हणजे वाऱ्यावरची धूळ, अशीच समजूत होती.

या निष्कर्षाचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत. लहान राखीव क्षेत्रही स्वतःच्या पिल्लांवर तग धरू शकते, हा पहिला. दुसरा असा की, उरलेली ४० टक्के पिल्ले बाहेरून आली, म्हणजे शेजारचे क्षेत्र उजाड झाले तर ही आवक थांबणार. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधील केपल बेटांपाशी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा हिशेब उलट्या बाजूने मांडला गेला. पिल्लांचे आणि संभाव्य माता-पित्यांचे डीएनए ताडून पाहण्यात आले. तेथील प्रवाळ क्षेत्राच्या केवळ २८ टक्के भागात मासेमारी बंद होती. पण ३० किलोमीटर परिसरात नव्याने वस्तीला आलेल्या पिल्लांपैकी सुमारे निम्मी पिल्ले त्या राखीव भागात जन्मलेली होती. यांतील अनेक पिल्ले जेथे मासेमारी चालते त्या भागात गेली. राखीव क्षेत्राने मच्छीमारांचे जाळे भरले, असे म्हणता येईल. पण ते केव्हा, तर क्षेत्रे एकमेकांच्या टप्प्यात होती म्हणून.

आपल्या किनाऱ्यावर या हिशेबात आणखी एक गुंता आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह वर्षभर एका दिशेने वाहत नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तो दक्षिणेकडे वाहतो, तर हिवाळ्यात उलटून उत्तरेकडे. म्हणजे पावसाळ्यात अंडी घालणाऱ्या माशाची पिल्ले मालवणहून वेंगुर्ले, गोव्याकडे ढकलली जाणार आणि थंडीत अंडी घालणाऱ्याची देवगड, विजयदुर्गकडे. मालवणला येणारी पिल्लेही एका ऋतूत उत्तरेकडून, दुसऱ्या ऋतूत दक्षिणेकडून. पहिल्या शेजाऱ्याला ठेवून दुसऱ्याला सोडून चालत नाही. परदेशातील आदर्श नमुना उचलून येथे लावता येणार नाही, तो याचमुळे.

तरीही दोन नमुने डोळ्यांखालून घालण्यासारखे आहेत. ग्रेट बॅरियर रीफची नव्याने आखणी १ जुलै २००४ रोजी अमलात आली. तोवर तेथे मासेमारीला पूर्ण बंदी असलेले क्षेत्र पाच टक्क्यांहूनही कमी होते; ते एकदम ३३ टक्क्यांवर गेले. पण खरी गोष्ट टक्क्यांत नाही. सारा परिसर ७० जैवप्रदेशांत विभागला गेला आणि प्रत्येक प्रदेशाचा किमान पाचवा भाग राखीव ठेवण्याचे ठरले. त्यात प्रवाळ होता, तसेच सागरी गवताची कुरणे आणि प्रवाळांमधील वालुकामय तळही होता. राखीव तुकडा शक्यतो कमीत कमी २० किलोमीटर रुंद असावा, असाही दंडक होता. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला आणि २०१२ मध्ये किनाऱ्यावरील १२४ संरक्षित क्षेत्रांचे जाळे पूर्ण केले. तेथील शास्त्रीय सल्लागारांनी मोजपट्टीच हाती दिली होती. प्रत्येक क्षेत्र किनाऱ्याला समांतर किमान पाच ते दहा किलोमीटर लांब हवे, शक्यतो दहा ते वीस. आणि दोन क्षेत्रांतील अंतर ५० ते १०० किलोमीटरपेक्षा अधिक नको.

ही पट्टी केवळ कुतूहल म्हणून महाराष्ट्राच्या नकाशावर ठेवून पाहू. जुन्या मोजणीप्रमाणे आपला किनारा ७२० किलोमीटर. त्या हिशेबाने सात ते चौदा क्षेत्रे हवीत. भरतीचे पाणी पोहोचते अशी आपली अभयारण्ये दोन. एक मालवण, आणि दुसरे २०१५ मध्ये जाहीर झालेले ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य, जे मुळात पक्ष्यांसाठी आहे. दोहोंमध्ये सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर. मधला सारा रायगड आणि रत्नागिरी मोकळा. मालवणचे गाभा क्षेत्र कॅलिफोर्नियातील किमान लांबीतही बसत नाही.

आता कोणी म्हणेल, मग मालवणचे अभयारण्य दहापट वाढवा. प्रस्तुत लेखकाचे तसे म्हणणे नाही आणि ते का नाही, हे सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

१९८७ पासून मालवणच्या मच्छीमारांनी या अभयारण्याला विरोध केला आहे. शहरातील वाचकाला हा विरोध निसर्गद्रोही वाटण्याचा संभव आहे. पण तो त्यांच्या बाजूने पाहिला तर अगदी व्यवहारी आहे. रापण ओढणारा, लहान होडीतून न्हय-खाडीच्या आसपास जाळी टाकणारा गाबीत मच्छीमार किनाऱ्यापासून दूर जाऊ शकत नाही. त्याचे शेत म्हणजे दारासमोरचा हा समुद्र. अभयारण्याची रेषा नेमकी त्याच्याच शेतातून जाते. रेषेपलीकडे परराज्यांतील वेगवान ट्रॉलर येऊन तळ खरवडून नेतात, पर्ससीनची जाळी बांगड्याचे आणि तारलीचे थवेच्या थवे उचलतात, यांत्रिक नौकांवरचे प्रखर दिवे रात्र उजळून टाकतात. रेषेअलीकडे खाड्यांतून वाळूचा उपसा चालतो. गाभा क्षेत्रातील किल्ल्याकडे पर्यटकांच्या होड्यांची ये-जा पावसाळा सोडला तर रोजची. नांगर खडकांवर पडतात, हौशी पाणबुडे प्रवाळावर पाय ठेवून छायाचित्रे काढतात. या सर्वांत कायद्याचा बडगा कोणावर उगारणे सर्वांत सोपे? अर्थातच होडीवाल्यावर. तो पळून कोठे जाणार?

अभयारण्य एकच एक चौकोन म्हणून आखले की त्याचे सारे ओझे चौकोनात राहणाऱ्यावर पडते. अधिवासांची जोडणी हा आखणीचा पाया मानला तर मात्र प्रश्न बदलतो. तांबोशीच्या वाटेवर कोण कोण आडवे येते, असा तो प्रश्न होतो. मग कालावल आणि कर्ली खाडीतील वाळूचे ठेके विचारात घ्यावे लागतात. खाडीकाठचे भराव, बंधारे, कांदळवनात टाकला जाणारा राडारोडा यांचा जाब विचारावा लागतो. ट्रॉलरच्या जाळ्याच्या आसाचा आकार तपासावा लागतो. गाभा क्षेत्राबाहेर, खोल पाण्यात प्रजननाच्या हंगामात कोण जाळे टाकते, हे पाहावे लागते. होडीवाल्यालाही त्याचा वाटा उचलावा लागेलच, पण तो वाटा असेल, सारा भार नव्हे. जोडणीची भाषा शास्त्रज्ञांच्या तोंडी असली तरी मुळात ती न्यायाची बाब आहे, ती अशी. आणि ती सोळा वर्षे कागदावर का राहिली, याचेही उत्तर यातच आहे. चौकोन आखण्यासाठी एका तालुक्यातील गरिबांना दुखवावे लागते. वाट राखण्यासाठी वाळूवाल्याला, बंदरवाल्याला, मोठ्या नौकांच्या मालकांना आणि हॉटेलवाल्याला दुखवावे लागते.

यात सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कांदळवनांच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आणि २०१८ मध्ये अंतिम आदेशाने बंदी घातली. त्यासाठी राज्यात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष काम करीत आहे. पर्ससीन मासेमारीवर २०१६ मध्ये निर्बंध आले. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यातील दंड २०२१ मध्ये जबर करण्यात आले. २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून त्याहून लहान मासा पकडण्यास मनाई झाली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने गेल्या दशकात सिंधुदुर्ग किनाऱ्यावर राबविलेल्या प्रकल्पातून ट्रॉलरना चौकोनी आसाची जाळी देण्याचा प्रयोग झाला, जेणेकरून लहान मासा निसटून जावा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने सुरू केलेली कांदळवन सफर याच काळातली. ही प्रत्येक गोष्ट तांबोशीच्या वाटेवरचा एकेक टप्पा सांभाळणारी आहे. पण हे टप्पे जोडणारा नकाशा कोणाच्याच टेबलावर नाही.

तो नसण्याचे कारण खात्यांच्या हद्दी. अभयारण्य आणि कांदळवन वन विभागाकडे, मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडे, वाळू महसूल खात्याकडे, जेटी आणि बंदरे मेरिटाइम बोर्डाकडे, पर्यटन पर्यटन महामंडळाकडे. बारा सागरी मैलांपलीकडे तर राज्याचा अधिकारच संपतो आणि केंद्राचा सुरू होतो. तांबोशी एका जन्मात निदान चार खात्यांच्या अखत्यारीतून प्रवास करते आणि एकाही खात्याकडे तिची संपूर्ण नोंद नसते. २०२५ मध्ये नौदलाने सेवानिवृत्त 'गुलदार' ही युद्धनौका निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळ उभारण्यासाठी राज्याच्या स्वाधीन केली. कल्पना आकर्षक आहे. मासे अशा सांगाड्याभोवती जमतात हेही खरे. पण जमणे वेगळे आणि वाढणे वेगळे. खाडीतून पिल्लेच निघाली नाहीत तर सांगाड्याभोवती जमणार कोण, हे पर्यटन खात्याने मत्स्यव्यवसाय खात्याला विचारावयास हवे होते.

आंग्रिया बँकेचे उदाहरण या हद्दींच्या घोळावर अधिक प्रकाश टाकते. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर अरबी समुद्रात पाण्याखाली हे पठार आहे. सुमारे ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद. माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे हे स्थळ म्हणजे खुल्या समुद्रातील प्रवाळांचे बेटच, फक्त पाण्याखालचे. मालवणच्या २९ चौरस किलोमीटरपुढे ते कितीतरी विशाल. पण ते राज्याच्या सागरी हद्दीबाहेर असल्याने वन्यजीव कायद्याखाली त्याला अभयारण्य करता येत नाही. म्हणून १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्राने ते 'निर्देशित क्षेत्र' जाहीर करावे, असा मार्ग राज्य सरकारने २०२१ मध्ये पुढे केला. तो मार्ग योग्यच आहे. परंतु येथेही विचार होतो तो आंग्रिया बँकेचा सुटा. खाडी, किनाऱ्यालगतचे खडक आणि दूरचे पठार अशी तीन पायऱ्यांची एक जिनेवजा रचना या किनाऱ्याला निसर्गाने दिली आहे. आपण तळाच्या पायरीला कांदळवन म्हणतो, मधलीला अभयारण्य, वरचीला निर्देशित क्षेत्र म्हणू पाहतो, आणि जिना असा शब्द कोणत्याच फायलीत नाही.

जोडणी हा सर्व दुखण्यांवरचा उतारा आहे असेही मानण्याचे कारण नाही. जी वाट पिल्लांना आणते, तीच रोगही आणते. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात काळ्या काटेरी समुद्री साळिंदरांवर साथ आली. ती प्रवाहाबरोबर पसरत गेली आणि वर्षभरात ९० टक्क्यांहून अधिक साळिंदरे मेली. शेवाळ खाणारा हा जीव गेल्यावर प्रवाळांवर शेवाळाचे रान माजले. याउलट पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळचा स्कॉट रीफ. जवळचा मोठा प्रवाळ अडीचशे किलोमीटर दूर. बाहेरून पिल्ले येण्याची आशा जवळपास नाही. १९९८ च्या उष्णतेच्या लाटेत तेथील बहुतेक प्रवाळ मेला, तरी बारा वर्षांत तो पूर्ववत झाला. का, तर तेथे मासेमारीचा व प्रदूषणाचा ताण नव्हता आणि जे थोडे प्रवाळ वाचले त्यांनीच पुढची पिढी वाढविली. तात्पर्य, वाट असणे महत्त्वाचे, पण वाटेच्या टोकाशी घरही सुस्थितीत हवे. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरातील प्रवाळांवर चौथे मोठे विरंजनाचे, म्हणजे उष्णतेने पांढरे पडण्याचे, संकट कोसळल्याचे जाहीर झाले. वाढत्या तापमानाला अभयारण्याची रेषा अडवू शकत नाही. वाळूचा उपसा आणि नांगरांचे घाव मात्र आपल्याला थांबविता येतात.

पैशाचे काय, हा प्रश्न अटळ आहे. ऑस्ट्रेलियाने २००४ च्या आखणीनंतर ज्या मच्छीमारांचे नुकसान झाले त्यांना भरपाई देण्याचे ठरविले. सुरुवातीस अंदाज माफक होता. प्रत्यक्षात खर्च २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेला. टीकाही झाली. कॅलिफोर्नियाचे पहिले दोन प्रयत्न स्थानिकांना विश्वासात न घेतल्याने फसले आणि तिसऱ्या वेळी मच्छीमार, पाणबुडे, शास्त्रज्ञ सर्वांना एका टेबलाशी बसवूनच नकाशे काढावे लागले. संपन्न देशांनाही जे टाळता आले नाही, ते मालवणात फुकट होईल अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे आहे. आपल्याकडच्या कायद्यात त्याची तरतूद नाही असेही नाही. सागरी हद्दीत अभयारण्य जाहीर करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्यासाठी पुरेशी उपाययोजना करावी, असे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २६-अ कलमातच लिहिलेले आहे. ते कलम १९९१ च्या दुरुस्तीने आले. मालवणची घोषणा त्याच्या चार वर्षे आधीची.

करण्याजोग्या काही गोष्टींना नवा कायदाही लागत नाही. कोळंब, कालावल आणि कर्ली या खाड्यांच्या मुखांपाशी तांबोशी व कोळंबीची पिल्ले आत शिरतात त्या महिन्यांत वाळूचा उपसा बंद ठेवणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात बसू शकते. मत्स्यव्यवसाय विभागाची गस्त आणि वन विभागाची गस्त यांचा नकाशा एकच असू शकतो. किल्ल्याजवळ नांगर टाकण्याऐवजी होड्या बांधण्यासाठी कायमचे तरंगते बोये ठेवता येतात. जगात अनेक ठिकाणी ते आहेत. आणि खाडीत कोणत्या महिन्यात कोणते पिल्लू दिसते, पाण्याची ओढ कधी उत्तरेला आणि कधी दक्षिणेला फिरते, याची माहिती ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या मच्छीमारांकडून ती लिहून घेण्यास कोणा विदेशी सल्लागाराची गरज नाही. कॅलिफोर्नियाच्या नकाशांत ही माहिती शास्त्रज्ञांच्या आकड्यांशेजारी ठेवली गेली होती.

केंद्र सरकारला २०३० पर्यंत आपले ३० टक्के कसे भरणार, याचा तपशील जागतिक मंचावर द्यावाच लागेल. त्यात महाराष्ट्राच्या रकान्यात मालवणचे २९.१२ चौरस किलोमीटर दर वेळेप्रमाणे पुन्हा मोजले जातील. त्या आकड्याशेजारी कोळंब खाडीचे नाव येते का, हे पाहावयाचे. दर वर्षी ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते आणि सर्जेकोट बंदरातील होड्या पुन्हा समुद्रात उतरतात. बंदराकडून मालवणकडे यायचे तर कोळंबच्या पुलावरून यावे लागते. पुलाखालच्या पाण्यात कांदळवनाची मुळे दिसतात. अभयारण्याची हद्द तेथून पुढे, समुद्रात सुरू होते.